त्रेसष्ट ठिकाणं

आबांनी मला खोली भाड्यानं दिली, तेव्हा करारनामा मोठ्यानं वाचून दाखवला होता. चार पानं. मी परभणीहून आलेलो, हिंजवडीतल्या एका छोट्या कंपनीत लागून आठवडा झालेला, हातात बॅग, आणि जांबे गावातल्या त्यांच्या अंगणात ऊन मी म्हणत होतं. मी म्हणालो, "मला वाचता येतं, आबा." ते म्हणाले, "येत आसंल की. पन वाचशील का?" आणि पहिल्या ओळीपासून सुरू झाले. लिहून देणार ते, लिहून घेणार मी. कपडे कुठल्या तारेवर वाळत घालायचे, पाण्याची मोटर कोण बंद करणार, पाहुणा तीन दिवसांच्या वर राहिला तर त्याला पाहुणा म्हणायचं की नाही, सगळं त्यात होतं. शेवटची ओळ होती, 'वाचून दाखवले, समजले, मान्य.' त्या ओळीवर ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी 'समजलं' म्हणेपर्यंत पेन दिलं नाही.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. मी स्वतःबद्दल फारसं बोलणारा माणूस नाही. घरात बायकोलाही हे सगळं माहीत नाही. पण आबांविषयी लिहायचं तर मला मधे यावं लागतं, त्याला इलाज नाही.

धंद्यानं ते दस्तलेखक. पौडला निबंधक कार्यालयाच्या बाहेर, चिंचेखाली, त्यांचं एक टेबल असे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, काय म्हणाल ते लिहून देत. आयटी पार्क आल्यापासून आमच्या बाजूच्या जमिनी पटापट हात बदलत होत्या आणि बाकीचे दस्तलेखक दिवसाला चार-चार दस्त उरकत. आबांचा जेमतेम एक. कारण ते लिहिलेलं वाचून दाखवत, आणि त्याचा त्यांचा एक नियम होता. सही करणाऱ्याला एकदा, अंगठा देणाऱ्याला दोनदा. मी कारण विचारलं तर म्हणाले, सही करणारा घरी जाऊन परत वाचू शकतो. अंगठेवाल्याला आपण इथं वाचलं तेवढंच आयुष्यभर पुरवायचं असतं. दुसऱ्या वाचनाला किती जण टेबलावरून उठून परत घरी गेले, हे पौडमध्ये लोक हसत सांगत. एजंट लोक त्यांना टाळायचे. ज्याला खरंच काही समजून घ्यायचं असेल, तो मात्र चिंचेखाली येऊन बसायचा.

हे वाचनाचं वेड टेबलापुरतं नव्हतं. औषधाच्या खोक्यातली ती मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांची चिठ्ठी, साबणाचं वेष्टण, एसटीच्या तिकिटाची मागची बाजू. लग्नपत्रिका आली की खालचं 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं' इथपर्यंत वाचून मगच कुठल्या तारखेला आहे ते सांगायचे. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नात यांनी भटजीला मंत्राचा अर्थ इचारला. मुहूर्त टळला आमचा. तवापास्नं माज्या मागं हे वाचन लागलंया." आबा म्हणायचे, "सात वचनं द्यायची व्हती. न समजता कशी देऊ?" काकू म्हणायच्या, "समजून तरी कुटं पाळली?" यावर आबा पत्रिका परत पहिल्यापासून वाचायला घ्यायचे.

भाडेकरूंना ते नावानं हाक मारत नसत. एका खोलीत सांगली होता, एकीत जळगाव, मी परभणी.

दस्त टाइप करून द्यायची पद्धत आली तेव्हा आबांनी कॉम्प्युटर घेतला, आणि तो चालू करून द्यायचं काम माझ्याकडे आलं. मी पुण्यातल्या फुटपाथवरून आणलेली सीडी घातली. तेव्हा सगळेच तसं करायचे. पडद्यावर नेहमीचा तो लांबलचक मजकूर आला, खाली 'मला मान्य आहे' असं बटण. मी सवयीनं तिकडे गेलो आणि आबांनी माझं मनगट धरलं.

"काय मान्य हाय?"

मी म्हणालो, "काही नाही आबा, सगळे दाबतात."

"पौडला पन सगळे अंगठा लावत्यात. वाच."

सकाळचे दहा वाजले होते. मी इंग्रजीतून वाचत, मराठीत सांगत गेलो. एक वाजता काकूंनी पानं वाढली तेव्हा आम्ही शेवटाला आलो. एका मशीनवरच वापरायचं, दुसऱ्याला द्यायचं नाही, आत काय आहे ते उघडून बघायचं नाही. आबांनी सीडी हातात घेऊन उलटसुलट केली. "म्हंजे ही आपली न्हाईच. आन् तू मला मान्य म्हनाया लावत हुतास." सीडी परत कव्हरात गेली. मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. तीन महिने मशीनवर फडकं होतं.

मग मी त्यांना दुसऱ्या प्रकारच्या सॉफ्टवेअरबद्दल सांगितलं, जे आम्ही कंपनीत वापरायचो. जगभरातले लोक मिळून लिहितात, कुणीही घ्यावं, वाटावं, बदलावं. त्याचाही परवाना असतो. आबांनी तो आणायला लावला. लागोपाठ तीन रविवार आम्ही तो वाचला. घेणाऱ्यानं पुढच्याला देताना त्याच अटींवर द्यायचं, बदल केले असतील तर केले असं सांगायचं, ज्यानं लिहिलंय त्याचं नाव पुसायचं नाही आणि आतला मूळ मजकूर, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो, मागेल त्याला द्यायचा. तिसऱ्या रविवारी आबा चष्मा काढून म्हणाले, "ह्ये कुनीतरी शाना मानूस बसून लिवलंय. ही तर गावकीची भांडी."

जांब्याच्या देवळात तेव्हा गावच्या लग्नकार्याची भांडी असायची. मोठमोठी पातेली, घंगाळं, त्यांच्या कडेवर 'समस्त ग्रामस्थ' कोरलेलं. कुणीही न्यावीत, घासून परत आणावीत, नाव खरवडू नये. आबांच्या मते अख्खा परवाना त्या कडेवर मावत होता.

पण त्यांना खरा आवडला तो दुसराच कागद. ज्या संस्थेची ती प्रणाली, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारं ते सॉफ्टवेअर, होती, तिनं आपल्या नावाबद्दल आणि चिन्हाबद्दल एक वेगळं पान लिहून ठेवलं होतं. सॉफ्टवेअर घ्या, बदला, वाटा. पण बदललंत तर आमचं नाव आणि चिन्ह काढा आणि तुमचं नाव लावा. आमच्या कंपनीतली पोरं याला कंजूषपणा म्हणायचे. सगळं फुकट देतात आणि नावासाठी भांडतात. आबा उलट खूश. म्हणाले, पातेलं तुम्ही नेलं, बूड गळालं म्हणून डाग दिला, इथपर्यंत ठीक. पण उद्या त्यातून आमटी सांडली तर बोल पहिल्या कासाराला का? डाग ज्यानं दिला त्यानं नाव सांगावं.

त्या संस्थेचं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांच्या नावाचं मी एकदा जे केलं, तेवढं पुरे.

यातून 'गावकी' निघाली. नाव आबांचं. मूळ प्रणाली घ्यायची, त्यात मराठी अक्षरं नीट बसवायची, दाखले, अर्ज, निकालपत्रकं यांचे नमुने घालायचे आणि मुळशीतल्या शाळांना वाटायची. शाळांना तेव्हा कुणाकुणाकडून कॉम्प्युटर मिळालेले होते आणि ते कपाटात होते. आबा नमुने लिहायचे, मी बाकीचं. दोन वर्षं माझे सगळे रविवार त्यात गेले आणि सांगायला हरकत नाही, माझ्या आयुष्यातले तेवढे चांगले रविवार परत आले नाहीत. छपाईचा भाग मी बराच बदलला, कारण मूळ प्रणालीतून मराठी जोडाक्षरं फुटून छापली जायची.

पुण्यातल्या एका मंडळानं दीडशे संच छापून द्यायचं कबूल केलं. एका संचात दोन सीड्या, एक प्रणालीची, दुसरी आतल्या मूळ मजकुराची. मंडळाचे लोक म्हणाले, शाळांना दुसरीचा काय उपयोग? आबा म्हणाले, "ते बियानं हाय. त्यांनी पेरलं न पेरलं ते बघतील. द्यायचं आपल्याला बंधन हाय." सीडीच्या तोंडावर 'गावकी' आणि त्याखाली एक वाक्य छापायचं होतं: 'मूळ नाव व चिन्ह यातून पूर्णपणे काढलेले आहे.' आणि त्याखाली वितरक म्हणून आबांची सही आणि पत्ता.

सही करायची म्हणजे आबा आधी खात्री करणार. सुरुवातीच्या पडद्यावर नवं नाव आलं होतं ते त्यांनी पाहिलं. पण त्यांनी विचारलं, आत आणखी कुठं कुठं नाव आहे? मी शोधून यादी केली होती. त्रेसष्ट ठिकाणं. मदतीची पानं, चुका कळवायचा पत्ता, छपाईच्या खिडकीतला कोपरा, असल्या जागा. त्यातली ठळक अकरा मी बदलली होती. बाकी बावन्न राहिली होती. संध्याकाळी सीडी छापायला जायची होती आणि सोमवारी माझी एका मोठ्या कंपनीत मुलाखत होती. तिची तयारी मला करायची होती. एवढंच कारण. मी यापेक्षा मोठं कारण अनेक वर्षं शोधलं, सापडलं नाही.

आबांनी लाल पेन्सिल काढली. म्हणाले, "तू वाच. मी खूण करतो."

मी म्हणू शकलो असतो की आठ दिवस लागतील. त्यांनी मंडळाला आठ दिवस थांबवलं असतं. त्यांना कुणाला थांबवायचा संकोच कधीच नव्हता. मी खाटेवर बसलो आणि यादी वाचायला लागलो. पहिलं ठिकाण, काढलं. दुसरं, काढलं. अकराव्यापर्यंत खरं होतं. बाराव्याला माझा आवाज बदलला असेल असं मला वाटलं. बदलला नाही. आबा प्रत्येकाला 'हं' म्हणत आणि बारीक लाल खूण करत. विसाव्याच्या आसपास काकूंनी चहा आणला. चहा पिताना मी थांबलो, आणि पिऊन झाल्यावर एकविसावं वाचलं. त्रेसष्टावं झाल्यावर आबांनी विचारलं, "समदं तू सोता पाह्यलं?"

"स्वतः पाहिलं."

त्यांनी सही केली.

संच वाटायचं काम आबांनी स्वतः केलं. प्रत्येक शाळेत परवाना मराठीत वाचून दाखवून, वहीत मुख्याध्यापकांची सही घेऊन. कासारसाईच्या शाळेत मुलांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. परवाना ऐकून टाळ्या वाजवणारी ती पहिलीच मुलं असावीत. संपला म्हणून वाजवल्या असतील. मी तोवर मोठ्या कंपनीत लागलो होतो. मुलाखतीत मी 'गावकी'बद्दलच बोललो होतो. परवाने आणि नावं यांच्याबाबत आम्ही किती काटेकोर होतो, हेही सांगितलं होतं. ते त्यांना फार आवडलं.

पहिल्या चाचणीचे निकाल छापताना माझी चूक बाहेर आली. काही जातीच्या प्रिंटरवर माझ्या बदलामुळे पोरांची नावंच उमटेनात, नुसते चौकोन. एका शिक्षकांनी मदतीचं पान उघडलं. तिथं चुका कळवायचा जो पत्ता होता, तो मूळ संस्थेचा. मी काढला असं वाचून दाखवलेल्या बावन्नांपैकी एक. त्यांनी बिचाऱ्यांनी तिथं लिहिलं की तुमची प्रणाली भिकार आहे. संस्थेनं तपास केला आणि पत्र सीडीवरच्या पत्त्यावर, म्हणजे आबांना पाठवलं.

पत्र सभ्य होतं. इंग्रजीत होतं, म्हणून मीच वाचून दाखवलं. तुमचं काम चांगलं आहे, असं सुरुवातीलाच लिहिलं होतं. पण बदललेल्या प्रणालीत आमचं नाव राहिलं आहे, दोष आमच्यावर येतो, आणि काढलं आहे असं तुम्ही सहीनिशी छापलं आहे. पुढच्या प्रतीत दुरुस्त करा, एवढीच विनंती.

आबांनी यादी काढली. लाल खुणा होत्या तशा होत्या. ते खुणांकडे बघत राहिले आणि मी त्यांच्याकडे. त्या वेळी बोलायला हवं होतं. माझा नव्या नोकरीतला उमेदवारीचा काळ चालू होता. त्यांनी मला विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, सांगता येत नाही. त्यांनी विचारलंच नाही. म्हणाले, "सही माजी हाय."

संस्थेनं माल परत घ्या असं कुठंही म्हटलं नव्हतं. मी ते वाक्य दोनदा दाखवलं. आबांचं म्हणणं, त्यांची मागणी वेगळी आणि आपण छापलेलं वाक्य वेगळं. खोटं वाक्य आपलं आहे, ते परत आणायला आपणच जायचं. वही घेऊन, एसटीनं, शाळेमागून शाळा. दसऱ्यापर्यंत ते काम चाललं.

एका शनिवारी कोळवणला मी त्यांना मोटरसायकलवर नेलं. भात फुलोऱ्यात आलेलं होतं, आंबेमोहोराचा वास रस्त्यावरसुद्धा येत होता. मुख्याध्यापक जुने ओळखीचे, त्यांच्या वडिलांचं वाटणीपत्र आबांनीच लिहिलेलं. चार शिक्षक बसलेले होते. मुख्याध्यापकांनी दोन सीड्या टेबलावर ठेवल्या. एकीवर चहाच्या कपाचा गोल डाग होता.

"काय आबा," ते म्हणाले, "जलमभर दुसऱ्याला वाचून दावलं, आन् सोताच्या येळंला डोळं मिटलं व्हय?"

शिक्षक हसले. वाईट हसू नव्हतं ते, ओळखीतलं होतं. आबा टोपी सारखी करून म्हणाले, "व्हय. मिटलं."

मी त्यांच्या मागे, दारात होतो. मी हेल्मेटची पट्टी सारखी करत होतो. ती पट्टी मुळात नीटच होती.

त्या सोमवारी आबा पौडला गेले आणि टेबल उचलून घरी घेऊन आले. मी काकूंना विचारलं, काय झालं. काकू म्हणाल्या, "म्हनत्यात, न बघता सही केलेल्यानं दुसऱ्याला काय वाचून दावायचं. इतकी वर्सं वाचून दावू नका म्हनून मी कावले. आता गप बसल्यात तर घर खायला उठतंया." टेबलावर नंतर पाण्याची घागर ठेवली जायची.

बावन्न ठिकाणं मी मग खरंच काढली. छपाईही दुरुस्त केली. चार दिवस लागले, फक्त चार. आबांना दाखवली. त्यांनी एक-एक ठिकाण स्वतः उघडून पाहिलं आणि म्हणाले, "झाक झालंया. आता तुज्या नावानं काढ." मी म्हणालो, नव्या कंपनीचे नियम आहेत, बाहेरच्या कामाला नाव देता येत नाही. नियम तसा होता हे खरं. परवानगी मागता येते असाही नियम होता, तो मी त्यांना वाचून दाखवला नाही. दुरुस्त 'गावकी' कुठंच गेली नाही.

परत आलेल्या सीड्यांचं काय करायचं, हे आबांनीच ठरवलं. त्यांच्या बहिणीचं कोळवणला भातशेत होतं, पाखरांचा त्रास फार. आबा आठवडाभर ओट्यावर बसून काथ्यानं आणि खिळ्यानं एकेका सीडीच्या तोंडावरचं ते एक वाक्य खरवडत होते. 'गावकी' राहू दिलं, सही राहू दिली, तेवढं वाक्य घालवलं. मी म्हणालो, आबा, पाखरं वाचत नाहीत.

"न्हाई वाचत. पन खोटं टांगायचं न्हाई."

मग दोरीवर बांधून सगळ्या शेतात टांगल्या. वारा आला की सबंध वावर लखलखायचं. बहीण सांगायची, राघू पहिले दोन दिवस बिचकले, तिसऱ्या दिवशी दोरीवर शेजारी येऊन बसायला लागले.

पुढच्या वर्षी मी जांबे सोडलं. जाताना आबांनी करारनामा काढून खोली परत घेतल्याची नोंद वाचून दाखवली. मी 'समजलं' म्हणालो.

दोन हजार दहा साली मी परत गेलो. मधल्या काळात बाणेरला घर झालं होतं, मुलगी झाली होती. आणि कंपनीत नव्या मुलांना परवाने, नावं, चिन्हं यांचे नियम शिकवायचं काम माझ्याकडे आलं होतं, दर तीन महिन्यांनी. दर वेळी मी त्यांना सांगायचो की 'मान्य आहे' दाबण्याआधी वाचा. एकदा एका मुलीनं विचारलं, सर, तुम्ही हे कुणाकडून शिकलात? मी तिला नीट उत्तर दिलं नाही. त्या रविवारी मी कागद लिहिला, दस्ताच्या पद्धतीनं, कारण मला दुसरी पद्धत सुचेना, आणि जांब्याला गेलो.

आबा ओट्यावर होते. काचबिंदूनं दृष्टी जवळजवळ गेलेली, उजवा हात थरथरत होता. आवाजावरून ओळखलं. "परभनी. बस." मी म्हणालो, एक कागद आणलाय, वाचून दाखवायचाय. त्यांनी मान सरळ केली. पौडच्या टेबलाशी बसल्यावर करायचे तशी.

मी वाचलं. लिहून घेणार आबा, लिहून देणार मी, माझं पूर्ण नाव. कारणे लिहून देतो की, त्रेसष्टपैकी बावन्न ठिकाणी नाव काढलेले नसताना, काढले आहे असे माझ्याकडून अनवधानाने वाचून दाखवले गेले.

"थांब," आबा म्हणाले. "अनवधानानं म्हंजे?"

"म्हणजे... चुकून."

"चुकून बावन येळा?"

अंगणात कुणाची तरी कोंबडी फिरत होती, तिच्याकडे बघत बसलो.

"त्यो शबुद खोड," ते म्हणाले. रागावून नाही, पौडला कुणालाही म्हणायचे तसं. "आन् 'दाखवले गेले' न्हवं. कुनी दाखवलं त्ये ल्ही. खोडलं तितं बाजूला सही कर."

मी खोडलं. 'मी खोटे वाचून दाखवले' असं लिहिलं. सही केली. मग विचारलं, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का?

"मला येवढंच कळलं व्हतं, की मी पाह्यलं न्हाई. तुजं तुला म्हाईत." थोडा वेळ ते माझ्या दिशेनं बघत राहिले, म्हणजे माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला. "काम झाक केलं व्हतंस पन. त्ये कागदात आलं न्हाई."

मी पेन त्यांच्या हातात द्यायला गेलो. त्यांनी हात मागे घेतला आणि काकूंना आतून शाईचा डबा आणायला सांगितलं. सही आता कागदावर टिकत नाही म्हणाले, बोटं ऐकत नाहीत. काकूंनी डबा आणून उघडला, त्यांचा अंगठा धरला. अंगठा कागदाच्या वर आला आणि तिथंच थांबला.

"आता मी अंगठ्याचा मानूस," आबा म्हणाले. "पयल्यापास्नं वाच."

काकू उठून आत जायला निघाल्या. आबांनी त्यांना बस म्हणून खूण केली. मी कागद परत हातात घेतला आणि पहिली ओळ वाचली.

"मोठ्यानं," आबा म्हणाले. "तिला पन ऐकू जाऊ दे."